कुणाची चूक, कुणाची भरपाई?

मंडळाच्या यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना एका तरुण मुलीने मला गाठले. ती एका जी.पी. सर्जरीत फार्मासिस्ट आहे. स्वतः प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा अधिकार तिला आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही एवढी वर्षं एन.एच.एस.मध्ये काढलीत म्हणून विचारते. आमच्याकडे निदान डॉक्टरांचं, प्रिस्क्रिप्शनवर सही माझी आणि इंजेक्शन देते नर्स. उद्या काही विपरीत झालं तर कोर्टात उभं कोणी राहायचं? आणि पैसे कोणाच्या खिशातून जाणार?"

मी उत्तर द्यायला सुरुवात केली. ताटातली जिलेबी संपली, गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तरी माझे उत्तर संपेना. शेवटी संपादकांनीच सुचवले की हे सगळे लिहूनच द्या. म्हणून हा लेखप्रपंच. मी वकील नाही, निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. पण या प्रश्नाचा चटका मला एकदा बसलेला आहे, आणि त्यानंतर या देशातले जुने निकाल वाचण्याचा मला जणू छंदच लागला.

आधी तो चटका सांगतो. मी १९७४ साली पुण्याहून इथे आलो. १९७९ मध्ये मिडलंड्समधल्या एका इस्पितळात रजिस्ट्रार होतो. एका बाईचे पोटाचे ऑपरेशन होते. ती होजिअरीच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काम करायची. ऑपरेशन लांबले, पण व्यवस्थित पार पडले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट बधिर झाले आहे. भुलेखाली असताना तिचा हात फळीवरून सरकून टेबलाच्या कडेवर दाबला गेला असावा आणि कोपराजवळची नस चेपली असावी. वर हिरवी चादर होती, त्यामुळे कोणालाच काही दिसले नाही. हात फळीवर कोणी ठेवला? पोर्टरने. पट्टा कोणी बांधला? बहुधा थिएटर सिस्टरने. मधेच टेबल तिरपे करायला कोणी सांगितले? सर्जनने. आणि रोग्याच्या सर्वांगावर लक्ष ठेवायचे काम कोणाचे? माझे.

त्या बोटांत पुरती जाण कधीच परत आली नाही. तिने दावा लावला. पुढे काय झाले ते सांगतोच. पण ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पुण्यात शिकत असताना आम्हाला असा एकच खटला ठाऊक होता : लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. १९५३ च्या मे महिन्यात कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला एका सर्जनच्या स्वतःच्या इस्पितळात आणले. तिथे भूल न देता, जोर लावून हाड बसवले गेले आणि मुलगा दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६८ साली ३,००० रुपयांची भरपाई कायम झाली. त्या वेळी पाय ओढायला मदतनीसही होते, पण त्यांच्या जबाबदारीचा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. इस्पितळ डॉक्टरांचे, निर्णय डॉक्टरांचा, जबाबदारी डॉक्टरांची. सगळे सरळ. इथे आल्यावर कळले की जिथे दहा माणसे मिळून एका रोग्याला बरे करतात, तिथे हे गणित इतके सोपे राहत नाही.

इंग्लंडमध्ये या शतकभराच्या गोष्टीची सुरुवात १९०९ च्या हिलियर खटल्यापासून धरता येते, आणि योगायोग असा की तीही हाताचीच गोष्ट आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात हिलियर यांना भूल देऊन तपासत असताना त्यांचा हात टेबलावरून खाली लोंबकळला आणि गरम पाण्याच्या डब्याला लागून भाजला. त्यांनी इस्पितळावर दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला. इस्पितळाचे काम चांगले डॉक्टर आणि नर्स निवडून देणे एवढेच. त्यांच्या वैद्यकीय चुकांना इस्पितळ जबाबदार नाही, असा निकालाचा आशय होता. गंमत म्हणजे नर्स इस्पितळाची पगारी नोकर असली, तरी थिएटरच्या दारातून आत गेली की ती इस्पितळाची राहत नाही, सर्जनच्या हुकमाखाली जाते, असे मानले गेले.

त्या काळची इस्पितळे धर्मादाय होती, देणग्यांवर चालत होती. भरपाई द्यायला लावली तर ती बंद पडतील, ही भीती होती. डॉक्टरांनी मात्र आपली सोय आधीच केली होती. १८८५ साली मेडिकल डिफेन्स युनियन स्थापन झाली, १८९२ साली दुसरी मेडिकल प्रोटेक्शन सोसायटी. या विमा कंपन्या नव्हेत. डॉक्टरांनी वर्गणी काढून चालवलेली ती परस्पर मदतीची मंडळे. आपल्याकडच्या भिशीला जरा विद्वान रूप द्यावे, तसा प्रकार. सभासदावर दावा आला की मंडळ वकील देई, भरपाईही देई. पण द्यायची की नाही हे मंडळ ठरवी. विम्यासारखा कायदेशीर हक्क सभासदाला नव्हता.

हिलियरचा किल्ला ढासळायला तेहतीस वर्षे लागली. १९४२ साली गोल्ड खटला आला. पाच वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरच्या चामखिळींवर किरणोपचार चालू होता. रेडिओग्राफर अनुभवी होता, पण एके दिवशी त्याने चेहरा नीट झाकला नाही आणि मुलगी विद्रूप झाली. इस्पितळ चालवणाऱ्या कौंटी कौन्सिलला कोर्टाने जबाबदार धरले. माणूस कुशल असो वा नसो, तो तुमचा नोकर आहे, आणि नोकराच्या चुकीला मालक जबाबदार.

१९४७ च्या कॉलिन्स खटल्यात तर पूर्ण साखळीच दिसते. सर्जनने फोनवर 'प्रोकेन' मागवले. पलीकडे अजून पदवीही न मिळालेल्या ज्युनियरने 'कोकेन' ऐकले. औषधशाळेतून ते इतक्या प्रचंड मात्रेत कसे हवे, हे न विचारता तयार होऊन आले. सर्जनने बाटलीवर काय लिहिले आहे ते न पाहता टोचले. रोगी टेबलावरच गेला. एका अक्षराची चूक तीन माणसांच्या हातांतून गेली आणि तिघांपैकी एकानेही थांबून विचारले नाही. कोर्टाने माणसांबरोबर इस्पितळाच्या पद्धतीलाही दोष दिला. माझ्या तरुण मैत्रिणीने हा खटला अवश्य लक्षात ठेवावा. फार्मासिस्टचे काम नुसते औषध हातात देणे नव्हे, 'हे बरोबर आहे ना?' असे विचारणेही आहे, हे त्यातून तेव्हाच दिसले होते.

मग आला १९५१ चा कॅसिडी खटला. एका मजुराची डाव्या हाताची दोन बोटे आखडली होती. ऑपरेशननंतर हात जवळजवळ चौदा दिवस फळीला घट्ट बांधून ठेवला. तो दुखतंय म्हणून ओरडत होता. त्याला मॉर्फिया मिळत राहिले. पट्ट्या काढल्या तेव्हा चारही बोटे ताठ झालेली आणि हात निकामी. खालच्या कोर्टात तो हरला, कारण सर्जन, हाउस सर्जन, नर्स यांपैकी नेमके कोण चुकले हे त्याला दाखवता येईना. अपिलात न्यायमूर्ती डेनिंग यांनी ही बाजू उलटवली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : दोन ताठ बोटे घेऊन आत गेलेला माणूस चार ताठ बोटे घेऊन बाहेर येतो. नीट काळजी घेतली असती तर हे व्हायला नको होते. तेव्हा काय झाले ते आता इस्पितळाने सांगावे. भुलेत आणि वेदनेत असलेल्या रोग्याने गुन्हेगार शोधून द्यायचा, ही अट गेली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत मोठे पाऊल.

पण रोग्याचा प्रश्न सुटला तरी आतला प्रश्न राहिलाच. भरपाई एक, ती डॉक्टरने किती सोसायची आणि इस्पितळाने किती? १९५२ च्या जोन्स खटल्यात, पदवी घेऊन जेमतेम पाच महिने झालेल्या एका डॉक्टरने भुलेवर आणखी पेंटोथॉल दिले आणि भाजलेला एक रोगी दगावला. इस्पितळ म्हणाले, चूक तिची, सगळे पैसे तिच्याकडून वसूल करा. कोर्टाने उलट विचारले की एवढ्या अननुभवी मुलीला देखरेखीशिवाय तिथे उभे कोणी केले? आणि वाटा ठरवला : इस्पितळाचा ८० टक्के, तिचा २० टक्के.

आम्हा भूलतज्ज्ञांच्या काळजाला हात घालणारा खटला मात्र १९५४ चा 'रो'. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी चेस्टरफील्डच्या इस्पितळात वूली आणि रो या दोन रोग्यांना एकाच भूलतज्ज्ञाने पाठीच्या कण्यातून भूल दिली. ऑपरेशने साधी होती. दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. औषधाच्या काचेच्या ॲम्प्यूल फिनॉलमध्ये बुडवून ठेवलेल्या असत. काचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडून फिनॉल आत झिरपले, असा निष्कर्ष निघाला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक मॅकिन्टॉश यांनी या धोक्याचा इशारा आपल्या पुस्तकात दिला तो १९५१ साली. म्हणून न्यायमूर्ती म्हणाले की १९४७ चा अपघात १९५४ च्या चष्म्यातून पाहता येणार नाही. भूलतज्ज्ञाच्या चुकीलाही इस्पितळ जबाबदार असते हे तत्त्व मान्य झाले, पण चूकच सिद्ध झाली नाही. त्या दोघांना एक पौंडही मिळाला नाही.

पुढे कित्येक वर्षांनी भूलशास्त्राच्या अभ्यासकांनी वेगळीच शंका मांडली. सुया उकळायच्या पात्रातले क्षार काढायला ॲसिड वापरत, ते त्यात राहून गेले असावे. हे वाचले तेव्हा मी सुन्न झालो. कज्जा चालला, मोठमोठे तज्ज्ञ साक्षीला आले, पण खोलीतल्या त्या भांड्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. भांडण 'दोषी कोण' यावर चालले की 'झाले काय' हे मागे पडते.

त्याच १९५४ साली आरोग्य मंत्रालय आणि डिफेन्स युनियन यांच्यात समझोता झाला. डॉक्टर व इस्पितळ दोघांवर दावा आला, तर वाटणी आपसांत ठरवायची. एकमत नाही झाले तर निम्मे-निम्मे. कोर्टात एकमेकांचे वाभाडे काढायची वेळ येऊ नये, हा हेतू. इस्पितळातल्या डॉक्टरांना युनियनचे सभासदत्व सक्तीचे झाले. नर्स, पोर्टर, रेडिओग्राफर मात्र इस्पितळाच्या बाजूला.

आता माझ्या १९७९ च्या गोष्टीकडे येतो. दाव्याची नोटीस आली आणि आमच्या थिएटरची दोन शकले झाली. माझी आणि सर्जनची कागदपत्रे गेली डिफेन्स युनियनच्या वकिलांकडे. सिस्टरची आणि पोर्टरची गेली आरोग्य प्राधिकरणाच्या वकिलांकडे. मला सांगण्यात आले, "जेवढं स्वतः पाहिलंत तेवढंच लिहा. सिस्टरशी या विषयावर बोलू नका. आणि त्या बाईंना तर मुळीच भेटू नका." सिस्टरलाही तिकडून हेच सांगितले गेले असणार. ती आयरिश बाई मोठी मायाळू होती. नवा असताना इथली रीतभात तिनेच मला शिकवली होती. यादी संपली की आम्ही रोज एकत्र चहा घ्यायचो.

मी जबाब लिहिला. त्यात एक वाक्य होते : 'हाताचा पट्टा थिएटरच्या नर्सिंग कर्मचाऱ्यांनी बांधला होता.' वाक्य खरे होते. पण ऑपरेशन चालू असताना तासाभरात मी एकदाही चादर उचलून हात पाहिला नाही, हेही तितकेच खरे होते. ते लिहिले नाही, कारण ते कोणी विचारले नव्हते. नव्या देशातला रजिस्ट्रार, पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्र हवे, घरी लहान मूल. घाबरलो होतो, दुसरे काय?

दोन वर्षांनी तडजोड झाली. निम्मे युनियनने दिले, निम्मे प्राधिकरणाने. कोर्टात जावे लागले नाही. सिस्टर त्याआधीच बदली घेऊन दुसरीकडे गेली होती. आमचा चहा त्या नोटिशीच्या दिवशी संपला तो संपलाच. त्या बाईंना रक्कम मिळाली, पण त्या हिरव्या चादरीखाली काय झाले हे त्यांना कोणीच सांगितले नाही. पैशाची वाटणी निम्मी-निम्मी झाली. सांगायची जबाबदारी मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाही.

पुढे ही व्यवस्था पैशाच्याच ओझ्याने मोडली. १९८० च्या दशकात दावे आणि रकमा वाढल्या, युनियनची वर्गणी अनेक पटींनी चढत हजार पौंडांच्या पलीकडे गेली. शेवटी १ जानेवारी १९९० पासून इस्पितळातल्या डॉक्टरांची एन.एच.एस.च्या कामातील भरपाई सरकारने स्वतःकडे घेतली. त्या दिवशी डॉक्टर, नर्स, पोर्टर कायद्याच्या दृष्टीने प्रथमच एका छत्राखाली आले. १९९५ पासून इंग्लंडमधल्या इस्पितळ-ट्रस्टांनी मिळून एक सामाईक निधी उभारला. सुरक्षिततेचे नियम पाळणाऱ्या ट्रस्टला वर्गणीत १०, २० किंवा ३० टक्के सवलत मिळे. म्हणजे बोळे मोजणे, नोंदी ठेवणे यालाही भाव आला. आज हा कारभार 'एन.एच.एस. रिझोल्यूशन' पाहते. ओझे मात्र कमी झालेले नाही. २०२३-२४ या एका वर्षात वैद्यकीय दाव्यांपोटी सुमारे २८० कोटी पौंड गेले.

'मग सगळ्या चमूची मिळून एकच जबाबदारी मानावी का?' हा प्रश्न विल्शर खटल्यात आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बेंबीतून नळी घालताना ज्युनियरने ती रोहिणीऐवजी नीलेत घातली. त्याने एक्स-रे वरिष्ठांना दाखवला. त्यांनाही चूक दिसली नाही. बाळाला जादा प्राणवायू गेला आणि त्याची दृष्टी गेली. १९८६ साली अपील कोर्टाने सांगितले की 'चमूची चूक' अशी चीज कायद्यात नाही. प्रत्येकाने आपल्या पदाला शोभेल एवढी काळजी घ्यायची. मी नवशिका होतो, ही सबब चालणार नाही. मात्र शंका येताच वरिष्ठांना विचारणाऱ्या ज्युनियरने आपले कर्तव्य केले. (अंधत्वाचे कारण नेमके तेच का, यावरून १९८८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने फेरसुनावणी सांगितली, तो भाग वेगळा.)

आणि २०१८ साली डार्नली खटल्यात सुप्रीम कोर्टाने वर्तुळ आणखी मोठे केले. डोक्याला मार लागलेल्या तरुणाला इस्पितळाच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने सांगितले, चार-पाच तास लागतील. खरे तर अर्ध्या तासात नर्स त्याला पाहणार होती. तो १९ मिनिटांनी उठून घरी गेला आणि कायमचा अपंग झाला. इस्पितळ जबाबदार ठरले. चुकीची माहिती नर्सने दिली की खिडकीवरच्या माणसाने, यात फरक नाही. १९०९ मध्ये थिएटरच्या दारात नर्स 'आपली नाही' म्हणणारे इस्पितळ २०१८ मध्ये खिडकीवरच्या कारकुनासाठीही उत्तरदायी झाले.

तेव्हा माझ्या त्या मुलीला उत्तर असे. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून जी.पी. सर्जरीतल्या एन.एच.एस.च्या कामालाही सरकारी छत्र आहे, आणि डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट सगळे त्याखाली येतात. वेल्समध्येही त्याच दिवशी तशी योजना आली. पैशासाठी तुझे घर विकावे लागणार नाही. पण हे छत्र खाजगी कामाला नाही. व्यावसायिक नोंदणीची चौकशी, मृत्यूची कॉरोनरपुढची चौकशी, फौजदारी खटला, या ठिकाणी माणूस एकटाच उभा राहतो. लेस्टरमधल्या बालमृत्यूच्या प्रकरणात संगणक बंद, माणसे कमी, अशा अनेक त्रुटी असतानाही २०१५ साली डॉ. बावा-गार्बा आणि एक नर्स या दोघींना शिक्षा झाली. डॉक्टरचे नाव रजिस्टरमधून काढले गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अपिलात परत आले. म्हणून स्वतःच्या संस्थेचे सभासदत्व सोडू नकोस, आणि कुठल्या कामाला संरक्षण आहे व कुठल्या नाही, हे लेखी मागून घे.

दुसरी गोष्ट पैशाची नाही. २००६ च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये नुसती माफी मागणे म्हणजे निष्काळजीपणाची कबुली धरली जात नाही. आणि २०१४ पासून इंग्लंडच्या एन.एच.एस. ट्रस्टांवर, गंभीर इजा झाली तर रोग्याला खरे सांगण्याचे कायदेशीर बंधन आहे. १९७९ साली मला जे करू नका म्हणून बजावले होते, ते आज कायदाच करायला सांगतो.

निवृत्त होईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी चादर उचलून रोग्याचे हात पाहायची सवय मी सोडली नाही. हाताखालची मुले हसायची. कारण मी त्यांना कधी सांगितले नाही. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे. त्या शिवणयंत्रावरच्या बाई आज असतील तर नव्वदीच्या घरात असतील. त्यांना सांगायचे होते ते एवढेच होते : "तुमच्या हाताकडे मी पाहिलं नाही. चुकलो."